आर्डुइनो आणि रास्पबेरी पाय: पहिली जोडणी सुरक्षितपणे कशी करावी

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत किती पाणी उरले आहे, हे खाली घरात बसून कळावे, एवढ्या साध्या इच्छेतून अनेकांचा या छंदात प्रवेश होतो. टाकीच्या झाकणाला ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर लावायचा, त्याचे मोजमाप आर्डुइनो उनोने घ्यायचे, आणि ते मोजमाप साठवून त्याचा आलेख दाखवण्याचे काम रास्पबेरी पायने करायचे, अशी ही मांडणी असते. उनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे. त्यात एकच प्रोग्राम सतत चालतो आणि ठरलेले काम ठरलेल्या मायक्रोसेकंदाला करतो. रास्पबेरी पाय हा मात्र लिनक्सवर चालणारा पूर्ण संगणक आहे. त्याला फाइली, इंटरनेट आणि पडदा उत्तम हाताळता येतात, पण एकाच वेळी अनेक कामे करत असल्यामुळे अचूक वेळ पाळणे त्याला जमत नाही, आणि बदलते व्होल्टेज थेट मोजणारे अॅनालॉग इनपुटही त्याच्यावर नाही. म्हणून ही दोन यंत्रे एकमेकांना जोडण्यात अर्थ आहे.

जोडताना अडचण येते ती त्यांच्या व्होल्टेजमुळे. उनोच्या पिनांवर ‘होय’ म्हणजे ५ व्होल्ट, तर रास्पबेरी पायच्या पिनांवर ‘होय’ म्हणजे ३.३ व्होल्ट. उनोची ५ व्होल्टची पिन पायच्या पिनेला थेट जोडली, तर पायच्या चिपमध्ये तिच्या मर्यादेबाहेरचा करंट शिरतो. हे नुकसान दर वेळी धूर काढून जाहीर होत नाही. माझ्या पहिल्या जोडणीत मी नेमके हेच केले होते. सगळे व्यवस्थित चालले आहे असे मला आठवडाभर वाटत राहिले, आणि मग एके दिवशी ती पिन कायमची मुकी झाली. तेव्हापासून कोणतीही तार लावण्याआधी मी तीन गोष्टी कागदावर लिहितो: या तारेवर जास्तीत जास्त किती व्होल्ट येऊ शकतात, या बोर्डाला वीज कोठून मिळते आहे, आणि करंट परत कोणत्या मार्गाने जातो. पुढची प्रत्येक पायरी या तीन प्रश्नांतूनच निघालेली आहे. उदाहरणासाठी मी आर्डुइनो उनो आर-३ आणि रास्पबेरी पाय ४ ही जोडी घेतली आहे.

टेबलावरची तयारी

सर्वांत आधी एक मल्टिमीटर घ्यावा. साधा, स्वस्त डिजिटल मीटर पुरेसा आहे, पण तो नसेल तर पिनांवरची जोडणी सुरूच करू नये. त्याशिवाय ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचून जोडण्याची पाटी), पिनेच्या आणि खोबणीच्या अशा दोन्ही प्रकारच्या टोकांच्या जंपर वायर, २.२ किलोओहम आणि ३.३ किलोओहमचे काही रेझिस्टर आणि चार मार्गांचे एक लेव्हल शिफ्टर (दोन व्होल्टेजमध्ये मेळ घालणारे) मॉड्यूल एवढे साहित्य लागते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे सगळे सहज मिळते. रेझिस्टर घेताना दहा-दहा घ्यावेत, कारण ते स्वस्त असतात आणि हरवतातही.

पायला वीज देण्यासाठी ५ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा, त्याच्याचसाठी बनवलेला अडॅप्टर वापरावा. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक वायर यांमुळे भार वाढताच व्होल्टेज खाली येते. ते साधारण ४.६ व्होल्टच्या खाली गेले की पडद्यावर विजेचे पिवळे चिन्ह दिसते. ते दिसत असताना पुढे जाऊ नये, कारण त्यानंतर येणारे विचित्र दोष वायरिंगचे आहेत की अपुऱ्या विजेचे, हे ओळखता येत नाही.

पायची ४० पिनांची रांग नीट ओळखणे हे महत्त्वाचे काम आहे आणि त्यात घाई करू नये. पिना दोन ओळींत असतात. मेमरी कार्डाच्या बाजूच्या टोकाला, रांगेच्या आतल्या अंगाला १ क्रमांकाची पिन असते आणि बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहिल्यास तिचा डाग चौकोनी दिसतो. १ क्रमांकावर ३.३ व्होल्ट आणि तिच्या अगदी शेजारी, बोर्डाच्या कडेला, २ क्रमांकावर ५ व्होल्ट असतात. या दोन पिना चुकून एकमेकींना टेकल्या तर बोर्ड बहुधा कायमचा निकामी होतो. म्हणून उघडे टोक असलेली तार किंवा मीटरची जाड सळी त्या भागात नेऊ नये. मोजायचेच असेल तर जंपर वायरने ती पिन ब्रेडबोर्डवर आणावी आणि तेथे मोजावे. आणखी एक गोष्ट म्हणजे, रांगेतल्या ५ व्होल्टच्या पिना सरळ बोर्डाच्या मुख्य पुरवठ्याला जोडलेल्या असतात. तेथून चुकीची वीज आत गेली तर तिला अडवणारे मध्ये काही नाही.

वायरिंग बदलताना दोन्ही बोर्डांची वीज बंद असावी. पाय बंद करताना आधी मेनूतून शटडाउन करावे, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबू द्यावा, आणि मगच अडॅप्टर काढावा. तसाच ओढला तर मेमरी कार्डावरची माहिती बिघडू शकते. हिवाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत, लोकरीच्या कपड्यांमुळे अंगावर स्थिर विद्युत साठते. बोर्ड उचलण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूच्या वस्तूला हात लावावा आणि बोर्ड कडेने धरावा.

पहिली जोडणी यूएसबीनेच करावी

नवशिक्याने पहिले काही महिने पिनांकडे वळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उनोची यूएसबी केबल पायच्या यूएसबी पोर्टमध्ये लावली की व्होल्टेजचा प्रश्न तेथेच संपतो, कारण दोन्हींमधला संवाद उनोवरची वेगळी यूएसबी चिप सांभाळते. ग्राउंड, म्हणजे करंट परत जाण्याची समाईक तार, त्याच केबलमधून जोडले जाते आणि उनोला वीजही तेथूनच मिळते. उनोवर ५०० मिलिअँपिअरचा, आपोआप पूर्ववत होणारा फ्यूजही असतो. टाकीच्या पाण्यासारख्या मंद गतीने बदलणाऱ्या गोष्टीसाठी याहून अधिक काही लागत नाही.

केबल निवडताना ती फक्त चार्जिंगची नाही ना, हे पाहावे. तशा केबलमध्ये विजेच्या दोनच तारा असतात. उनोचा दिवा लागतो, पण पायला बोर्ड दिसत नाही, आणि नवशिक्याचा अख्खा रविवार त्यात जातो. आधी उनो नेहमीच्या संगणकाला जोडून त्यात एक छोटा प्रोग्राम चढवावा, जो दर सेकंदाला अंतराचा आकडा सेकंदाला ९६०० बिट या वेगाने सिरियल पोर्टवर (एकामागून एक बिट पाठवणाऱ्या जोडणीवर) पाठवतो आणि प्रत्येक आकड्यानंतर ओळ संपवतो. संगणकाच्या सिरियल मॉनिटरवर आकडे नीट दिसले की मगच केबल पायला लावावी. एक टोक पक्के झाल्याशिवाय दुसरे हाती घेतले नाही, तर पुढे चूक शोधणे फार सोपे जाते.

पायवर मूळ उनो ‘एसीएम’ नावाच्या पोर्टवर आणि सीएच-३४० चिप असलेला स्वस्त बोर्ड ‘यूएसबी’ नावाच्या पोर्टवर दिसतो. आपण केबल लावण्याआधी आणि लावल्यानंतर पोर्टांची यादी पाहिली की कोणते नाव नव्याने आले ते कळते. पोर्ट उघडण्याची परवानगी नाही असा संदेश आला, तर आपल्या वापरकर्त्याला ‘डायलआउट’ या गटात घालावे आणि पुन्हा लॉगिन करावे. प्रत्येक वेळी प्रशासकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवणे हा त्यावरचा उपाय नाही. नंतर पायथनच्या पायसिरियल लायब्ररीने पोर्ट त्याच वेगाने उघडून ओळीमागून ओळ वाचावी.

येथे जवळजवळ प्रत्येकजण एकदा तरी अडखळतो. पायने पोर्ट उघडला की उनो रीसेट होतो. नवा प्रोग्राम चढवणे सोपे जावे म्हणून ही सोय मुद्दाम केलेली आहे. त्यामुळे पोर्ट उघडल्यानंतर दोन सेकंद थांबावे, तोपर्यंत आलेली अर्धवट माहिती टाकून द्यावी, आणि मग वाचायला सुरुवात करावी. हे माहीत नसलेला माणूस पहिली आज्ञा लगेच पाठवतो, ती हरवते, आणि तो निष्कारण वायरिंग उचकत बसतो.

सेन्सरची बाजू या मांडणीत सोपी आहे. एचसी-एसआर-०४ हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, सुमारे १५ मिलिअँपिअर घेतो, आणि त्याची उत्तर देणारी ‘इको’ पिनही ५ व्होल्टचीच असते. उनोला ते चालते. म्हणून हा सेन्सर उनोलाच लावावा, पायला थेट कधीही लावू नये. टाकीतल्या दमट हवेत मात्र तो फार काळ टिकत नाही, तेथे केबल असलेला जलरोधक प्रकार घ्यावा. सर्व्हो मोटरसारखे जास्त करंट ओढणारे भाग उनोच्या ५ व्होल्ट पिनेवरून चालवू नयेत. पाय ४ आपल्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच देतो, आणि अडकलेली एक छोटी मोटर त्यातला बराच वाटा खाते.

उनोला यूएसबीने वीज मिळत असताना त्याच्या आणि पायच्या ५ व्होल्ट पिना तारेने जोडू नयेत. तसे केले तर त्याच विजेला फ्यूज टाळून जाणारी दुसरी वाट मिळते आणि फ्यूजचा उपयोगच उरत नाही.

पिनांवरून सिरियल

यूएसबीचे पोर्ट संपले, किंवा सगळे एकाच डब्यात बंद करायचे असेल, तर पिनांवर यावे. पायवर ८ क्रमांकाची पिन पाठवण्याची, १० क्रमांकाची घेण्याची आणि ६ क्रमांकाची ग्राउंडची असते. एकाची पाठवण्याची पिन दुसऱ्याच्या घेण्याच्या पिनेला जोडली जाते, म्हणजे तारा उलटसुलट जातात.

तारेला हात लावण्यापूर्वी उनोमध्ये रिकामा प्रोग्राम चढवावा. ही पायरी मार्गदर्शनात क्वचितच सांगितली जाते, पण ती मला सर्वांत मोलाची वाटते. उनो वीज गेल्यावरही आपला प्रोग्राम विसरत नाही. मागच्या प्रयोगात एखादी पिन आउटपुट केलेली असेल, तर वीज येताच ती पिन ५ व्होल्ट बाहेर फेकू लागते, आणि आपण मात्र ती आज शांत आहे असे धरून चाललेलो असतो.

पायवर सेटिंगच्या प्रोग्राममध्ये सिरियल पोर्टविषयी दोन प्रश्न विचारले जातात. लॉगिन त्यावरून हवे का, याला नाही म्हणावे, आणि पोर्ट चालू हवे का, याला होय म्हणावे. पहिल्या प्रश्नाला चुकून होय म्हटले, तर सुरू होताना पाय आपले सगळे संदेश उनोला पाठवत बसतो आणि उनोने पाठवलेले आकडे त्याला आज्ञा वाटतात.

आता व्होल्टेज पाहू. पायकडून उनोकडे जाणारी तार थेट लावली तरी उनोला इजा होत नाही, कारण ३.३ व्होल्ट त्याच्या मर्यादेत आहेत. ५ व्होल्टवर चालणारी उनोची चिप ३ व्होल्टपासून पुढे ‘होय’ समजते. म्हणजे फरक फक्त ०.३ व्होल्टचा उरतो. आखूड तारेवर तो पुरतो, पण त्यावर फार विसंबू नये. उलट दिशेच्या, म्हणजे उनोकडून पायकडे येणाऱ्या तारेवर मात्र व्होल्टेज कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही. उनोच्या पाठवण्याच्या पिनेपासून २.२ किलोओहमचा रेझिस्टर एका सांध्यापर्यंत आणावा, त्या सांध्यापासून ३.३ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला न्यावा, आणि पायची १० क्रमांकाची पिन सांध्याला जोडावी. पाचाचे ५.५ भाग पाडले आणि त्यातले ३.३ घेतले, की सांध्यावर बरोबर ३ व्होल्ट येतात. पायला ‘होय’ समजायला २ व्होल्ट पुरतात, त्यामुळे हा आकडा दोन्ही बाजूंनी आरामशीर आहे. बहुतेक ठिकाणी १ आणि २ किलोओहमची जोडी सुचवलेली दिसते. तीही चालते, पण तिच्यातून ३.३३ व्होल्ट येतात, आणि ५ टक्के फरकाचे रेझिस्टर असले किंवा यूएसबीचे व्होल्टेज थोडे वर असले की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून मी पहिली जोडी पसंत करतो. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर २.२ किलोओहमच्या पहिल्या तीन पट्ट्या लाल-लाल-लाल आणि ३.३ किलोओहमच्या नारिंगी-नारिंगी-लाल असतात. त्यांची अदलाबदल झाली तर सांध्यावर २ व्होल्टच येतात; पाय सुरक्षित राहतो, पण संदेश कधी पोहोचतात आणि कधी हरवतात.

पायची तार सांध्याला लावण्याआधी उनो एकटाच सुरू करावा. सिरियलची पाठवण्याची तार काही बोलत नसताना ‘होय’ स्थितीतच असते, म्हणून आकडे सेकंदातून एकदाच जात असतील तर मीटरवर जवळजवळ स्थिर ३ व्होल्ट दिसायला हवेत. ५ दिसले तर ग्राउंडकडची तार सुटलेली आहे. हा आकडा डोळ्यांनी पाहिल्यावरच वीज बंद करून पायची तार लावावी.

उनोच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिना त्याच्या यूएसबी चिपशीही जोडलेल्या असतात. त्यामुळे पाय त्या पिनांवर जोडलेला असताना नवा प्रोग्राम चढत नाही. तात्पुरती तार काढावी, किंवा सॉफ्टवेअर सिरियलच्या लायब्ररीने १० आणि ११ या पिना वापराव्यात. ९६०० या वेगाला ती नीट काम करते.

उनोला वेगळा अडॅप्टर असेल तर दोन्ही बोर्डांचे ग्राउंड जोडणे अनिवार्य आहे. व्होल्टेज हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत असते. ग्राउंड समान नसेल तर एकाचे ३ व्होल्ट दुसऱ्याला काहीही वाटू शकतात, आणि परतीचा करंट इतर तारांतून वाट काढतो. वेगळा अडॅप्टर असला की आणखी एक धोका येतो, आणि तो फारसा बोलला जात नाही. पाय बंद असून उनो चालू राहिला, तर उनोची ‘होय’ पिन बंद चिपमध्ये करंट ढकलत राहते. रेझिस्टरमुळे तो एक-दोन मिलिअँपिअरपेक्षा वाढत नाही, पण थेट जोडणीत तो घातक ठरू शकतो. दोन्ही अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डच्या एकाच बटणावर घेणे हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे.

दोन तारांची आय-टू-सी

आय-टू-सी ही चिपांनी एकमेकींशी बोलण्याची पद्धत आहे. तिच्यात त्याच दोन तारांवर अनेक उपकरणे बसतात, म्हणून ती मोहात पाडते. पायवर ३ आणि ५ क्रमांकाच्या पिना त्यासाठी आहेत आणि त्यांना बोर्डावरच १.८ किलोओहमच्या रेझिस्टरने ३.३ व्होल्टकडे खेचून धरलेले असते. येथे दोन्ही बाजू एकाच तारेवर बोलतात, त्यामुळे वरचे दोन रेझिस्टर चालत नाहीत. दोन्ही दिशांना काम करणारा, बीएसएस-१३८ ट्रान्झिस्टरचा लेव्हल शिफ्टर लागतो. त्याच्या ‘एचव्ही’ बाजूला उनोचे ५ व्होल्ट, ‘एलव्ही’ बाजूला पायचे ३.३ व्होल्ट आणि दोन्हीकडे ग्राउंड द्यावे. बाजू उलट लावल्या तर शिफ्टरचा सगळा हेतूच उलटतो, म्हणून येथेही आधी मीटर लावून ‘एलव्ही’ बाजूच्या तारा ३.३ व्होल्टच्या वर जात नाहीत हे पाहावे. शिफ्टर न लावताही हे चालते असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि अनेकदा ते चालतेही. पण त्याच तारांवर ५ व्होल्टकडे खेचणारे एखादे तयार मॉड्यूल उद्या जोडले गेले, तर आजवर चाललेली जोडणी पायच्या जिवावर उठते.

उनोऐवजी ईएसपी-३२ किंवा रास्पबेरी पाय पिको हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेतला तर दोन्ही बाजू ३.३ व्होल्टच्या असतात आणि शिफ्टरची गरज उरत नाही. नव्याने खरेदी करणाऱ्याला मी हेच बोर्ड सुचवेन. तेव्हा मात्र मघाचा ५ व्होल्टचा सेन्सर त्या बोर्डाच्या पिनेला थेट जोडता येत नाही. त्याच्या इको पिनेला तेच दोन रेझिस्टर लावावे लागतात. ग्राउंड आणि दोन अडॅप्टरांविषयीचे नियम तसेच राहतात.

गच्ची आणि पंप

५ व्होल्टची सिरियल किंवा आय-टू-सीची तार गच्चीपासून खालच्या मजल्यापर्यंत नेऊ नये. ती बोर्डाशेजारच्या आखूड अंतरासाठी आहे, आणि पावसाळ्यात विजा चमकत असताना लांब उघडी तार थेट आपल्या संगणकापर्यंत येते, हे विसरता कामा नये. अशा ठिकाणी ईएसपी-३२ गच्चीवर ठेवून वायफायने आकडे खाली आणणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

आकडे दिसू लागले की पंपही आपोआप चालावा असे वाटू लागते. त्यासाठी रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच, लागतो आणि त्याचे कॉइल सुमारे ७० मिलिअँपिअर घेते. उनोच्या पिनेची कमाल मर्यादा ४० आहे आणि पायची पिन तर काही मोजक्या मिलिअँपिअरसाठी आहे. म्हणून रिले थेट पिनेला न लावता ट्रान्झिस्टर आणि उलट्या दिशेचा डायोड असलेले तयार मॉड्यूल वापरावे लागते. परंतु पंपाकडे जाणारी बाजू २३० व्होल्टची आहे, आणि ब्रेडबोर्डच्या टेबलावर त्या विजेला जागा नाही. तो भाग परवानाधारक वायरमनकडून, योग्य स्टार्टर आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचसह) करून घ्यावा, आणि पहिले वर्षभर तरी पंपाचे बटण माणसाच्याच हाती ठेवावे.

सगळे डब्यात बसवल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर कोणत्या रंगाची तार कोणत्या पिनेवर गेली आहे, सांध्यावर किती व्होल्ट मोजले, अडॅप्टर कोणता आहे आणि उनोमध्ये कोणत्या तारखेचा प्रोग्राम आहे, एवढे लिहावे. सहा महिन्यांनी डबा उघडाल, तेव्हा पहिली तार हलवण्याआधी तो कागद वाचता येईल.